चाचांचा आवाज मी बंद केला

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते परतवाड्याच्या बसस्टँडमागे दुकान असलेल्या एका टेलरचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्याचं श्रेय आईवडिलांना आणि गावच्या शाळेला मी सत्काराच्या भाषणात रीतसर दिलेलं आहे. चाचांचा उल्लेख तेवढा राहिला, कारण त्यांनी मला शिकवलं असं काहीच नव्हतं. ते फक्त विचारायचे.

मी परतवाड्याला कॉलेजला होतो. कॉलेज सुटल्यावर गावची बस यायला दीड तास असे. तो वेळ मी चाचांच्या दुकानातल्या बाकावर काढायचो. चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी बोलता यायचं, मराठी वाचता मात्र येत नव्हतं. म्हणून जो बाकावर बसेल त्याने मराठी पेपर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक बातमीवर आपलं मत सांगायचं, असा दुकानाचा रिवाज होता.

पहिल्या दिवशी मी गतिरोधकाची बातमी वाचली आणि म्हणालो, "प्रशासनाने योग्य ती दखल घ्यावी."

चाचांनी मशीन थांबवली. "हे तं पेपरवाल्यानंच लिवलं हाये. तुह्यं सांग."

"दोन्ही बाजूंचं बरोबर आहे, चाचा."

"मंग तू उठ. दोन्ही बाजूवाला मानूस मले कापड मापाले बी चालत नाई."

मी उठलो नाही, कारण बाहेर ऊन होतं. गतिरोधक शाळेपुढे हवा, दवाखान्यापुढे नको, असं म्हणालो. त्यांनी विचारलं, "कावून?" कारण सांगितल्यावर विचारलं, "मंग तू काय करशीन?" तेव्हा मात्र मी बस आली म्हणून उठलो. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

आमच्या घरी मला कोणी मत विचारलेलं नव्हतं. निर्णय घ्यायची वेळ आली की मला दुकानातून काहीतरी आणायला पाठवत. त्यामुळे पुढे अमरावतीला शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी "तुमचं मत काय?" असं विचारलं, तेव्हा मी मत, कारण आणि मी काय करीन, हे तिन्ही सांगून टाकलं. मला नोकरी लागली. नेमणूक अकोल्याला मिळाली.

काही वर्षांनी त्या बाकावर बसणाऱ्यांचा मी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. ॲडमिन मीच, कारण बाकीच्यांना तो जन्मदाखल्यासारखा एकदाच काढायचा कागद वाटत होता. चाचांनी फोन घेतल्यावर त्यांना माइकचं चिन्ह दाबून बोलायचं मी शिकवलं. ते त्यांनी फार मनावर घेतलं. नळाला आठवड्यात कितीदा पाणी यावं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कधी बदलाव्यात, लग्नात डीजे कुठल्या चौकात थांबवावा, फोन अंगठा का मागतो, अशा प्रत्येक विषयावर त्यांचा आवाज यायचा. मागे शिलाई मशीन चालू असायची.

ग्रुपमधल्या एका निवृत्त मास्तरांनी मला फोन केला. "अरे, या मशीननं डोकं उठलं ना बाप्पा. दिवसभर टर्रर्र टर्रर्र."

मी म्हणालो, बघतो.

त्याच सुमारास निवडणूक आली. ग्रुपमध्ये काही आक्षेपार्ह आलं तर ॲडमिन जबाबदार, असं सगळीकडे सांगत होते. मी पगारी माणूस. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतो' हे मी चालू केलं आणि चार दिवसांसाठी, अशी मराठीत सूचना टाकली. निवडणूक झाली, निकाल लागला, मिरवणुकाही संपल्या. ग्रुप शांत होता. मला ती शांतता बरी वाटली, हे मी इथे लिहून ठेवतो. दोन महिने गेले.

मग परतवाड्याशेजारच्या अचलपूरला लग्नाला गेलो, तेव्हा चाचांकडे डोकावलो.

"या साहेब," चाचा म्हणाले. त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. "बसा. मले बोलायची परमिशन हाये का?"

बाकावरचा रसवंतीवाला हसला आणि त्यानेच मला सगळं सांगितलं. माइक दिसेना म्हणून चाचांनी फोन दुरुस्तीला नेला होता. दुकानदाराने स्क्रीनवरचं मराठी वाचून दाखवलं. फोन चांगला आहे, फक्त ॲडमिनला बोलता येतं. चाचांनी विचारलं, हा ॲडमिन कोण? त्याने माझा फोटो दाखवला.

"चाचा, निवडणुकीमुळे केलं. सूचना टाकली होती."

"टाकली असशीन. पेपर वाच."

मी पेपर उचलला. पाण्याची बातमी वाचली. रस्त्याची वाचली. प्रत्येक बातमी झाली की थांबलो. मशीन चालूच राहिली. चाचांनी माझं मत विचारलं नाही.

अकोल्याला परतताना बसमध्येच ग्रुप मोकळा केला. मास्तरांनी लगेच हात जोडल्याचं चित्र टाकलं. चाचांचा आवाज काही आला नाही, आठ दिवस झाले तरी. फोन केला, तर "ग्राहक बसलेत" म्हणाले. मग मी पोस्टाने पत्र पाठवलं. ते बाकावरचा जो कोणी असेल तो मोठ्याने वाचणार हे मला माहीत होतं. ते असं:

"आदरणीय चाचा,

तुम्ही विचारलं नाही, तरी मत सांगतो. ग्रुप बंद केला ते चुकलं. कावून, तर निवडणुकीची भीती चार दिवसांची होती. पुढचे दोन महिने मला तुमच्या मशीनचा आवाज नको होता, म्हणून बंद राहिला. मास्तरांनी सांगितलं हे खरं आहे, पण बटण मी दाबलं. ज्या बाकावर मला बोलता आलं, त्या बाकाच्या मालकाचं तोंड मी बंद केलं.

मी काय करणार, तेही सांगतो. तुम्हाला ॲडमिन केलं आहे. आता माझं बोलणं बंद करणं तुमच्या हातात आहे. बटण कुठे आहे ते दुरुस्तीवाला दाखवील. दिवाळीच्या सुट्टीत येतो. बाकावर बसू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला साहेब मात्र म्हणू नका.

हे पत्र वाचून झालं की वाचणाऱ्याचं मत विचारा. दोन्ही बाजूंचं बरोबर आहे असं म्हणाला, तर त्याला उठवा.

तुमचा,
दीड तासवाला"