फेस बसेपर्यंत

दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात पडते आणि वर बोटभर फेस येतो. आम्ही सगळे त्या फेसासाठीच जातो. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक बाई मात्र फेस बसेपर्यंत ग्लास धरून उभ्या राहतात आणि मग गवळीमामांना तो पुन्हा भरायला लावतात. मागं उभा मी वैतागतो. बाईंचं उत्तर ठरलेलं, तेही इथल्या बायकांच्या पुरुषी बोलीत, “मी काय दूध घेऊन पळून जातोय व्हय?”

परवा सकाळी मामा धार काढायची सोडून छातीचा एक्स-रे धरून बसले होते. डॉक्टर तो संध्याकाळी बघणार होते. “मॅडम, दोन्ही फुफ्फुसं काळीठिक्कर हायत. बिडीनं खाल्लं की मला!”

बाई मोठ्यानं हसल्या. “मामा, फेस आणि दूध एकच न्हवं? वजनाला वजन घेतलं तर एक्स-रेच्या किरणांना दोन्ही सारखंच अडवतात. पण बोटभर फेसात दूध असतं किती? घनता कमी, म्हणून तेवढ्याच जाडीतनं किरण जास्त सुटतात. फुफ्फुस म्हंजे मांसाचा फेसच. किरण पार गेले की फिल्म काळी पडते. दुखणं काय ते डॉक्टर सांगतील, नुसत्या काळ्याला भिऊ नका.”

“म्हंजे आत हवा हाय?”

“भरपूर हाय की!”

मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशी धार मारली, की निम्मा ग्लास फेसच. बाईंनी तो बसू दिला नाही. एका दमात प्यायल्या आणि ओठावर फेसाची पांढरी मिशी घेऊनच कॉलेजकडं निघाल्या.

मी मुद्दामच सांगितलं नाही.