रुमालाखालचं कॅल्शियम

माझे सासरे वाल्मीकमामा यांचा चेहरा वाचून दाखवणाऱ्याला मी स्वतः गाडीने सप्तशृंगी गडावर नेऊन आणायला तयार आहे. इतकी वर्षं मी त्यांचा जावई आहे, पण माझ्या लग्नाने त्यांना आनंद झाला की दुःख, हे मला अजून कळलेलं नाही.

कारण त्यांचा धंदा. मामा वणीकडच्या बैलबाजारातले दलाल; बाजारात त्यांना नाना म्हणतात. तिथे बैलाचा भाव तोंडाने करत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची जितकी बोटं धरली तितके दहा हजार. भोवती माणसं टक लावून उभी असतात, म्हणून चेहरा दगडाचा ठेवायचा आणि तोंडाने पाऊस, द्राक्षाची छाटणी, कुणाच्या पोरीचं लग्न असलं काहीतरी बोलत राहायचं. "बोटांचं तोंडाला कळता कामा नये," हा मामांचा एकमेव धर्म, आणि तो त्यांनी घरातही पाळला. भाजी खारट झाली तरी गप्प, अळणी झाली तरी गप्प. आमच्या लग्नाच्या बैठकीत मानपानाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांच्या हातावर रुमाल टाकला. वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. परका माणूस आपली बोटं का चाचपतोय हे त्यांना कळेना. ते लाजून लाल झाले आणि सगळ्यालाच हो म्हणाले.

गळ्याची गाठ वाढत गेली तेव्हाही मामा बोलले नाहीत. मफलर गुंडाळून हिंडत राहिले. मे महिन्यातही मफलर निघेना, तेव्हा मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाई चतुराबाईंनी, तो ओढून काढला आणि त्या किंचाळल्या. खाली चांगली कैरीएवढी गाठ होती.

नाशिकला घर असलेल्या जावयाचा जन्म नातेवाइकांच्या ऑपरेशनसाठीच झालेला असतो. मामांना माझ्याकडे आणलं. हॉस्पिटलात थायरॉइड पूर्ण काढावी लागली. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर सृष्टी खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीसारख्या, पण बोलणं मुद्द्याचं.

"काका, थायरॉइडच्या पाठीमागे तुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. आम्ही त्या जपल्यात, पण ऑपरेशनने रुसल्यात. रक्ताच्या तपासणीवरून मी आत्ताच सांगते, उद्यापर्यंत तुमचं कॅल्शियम उतरणार. दोन-दोन गोळ्या तीन वेळा घ्यायच्या. आणि ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या की त्याच क्षणी सांगायचं. लपवलंत तर हात आखडतील, घसा आवळेल, श्वासावर येईल."

मामांचा चेहरा दगड. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाले, "उतरणार म्हंती! जावईबापू, भाव उतरणार असं सांगत फिरणारा नेहमी घेणारा असतो. हिला मला हितं ठेवून घ्यायचंय."

मामांना घाई होती. पेठकडच्या एका माणसाची डांगी बैलजोडी त्यांनी सायखेड्याच्या सोमनाथला द्यायचं कबूल केलं होतं आणि आठवड्याचा बाजार तोंडावर आला होता. "बाजार गेला खड्ड्यात," मामी म्हणाल्या. घटकेघटकेला त्या विचारायच्या, "अहो, मुंग्या?" मामा भिंतीकडे बघून म्हणायचे, "नाय."

संध्याकाळी मामींनी मला व्हरांड्यात गाठलं. डोळ्यांत पाणी होतं. "जावईबापू, उभा जन्म काढला, पण या माणसाला काय होतंय ते त्यानं मला कधी सांगितलं नाय. ताप आला तर कपाळाला हात लावून कळायचा. मुंग्या मला कशा लागायच्या हाताला? मला लय भ्या वाटतंय." मी चहा आणून दिला. जावई याहून जास्त काय करू शकतो?

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला सोमनाथ केळी घेऊन आला. खुर्ची ओढून खाटेजवळ बसला, तब्येतीची चौकशी केली, आणि दोघांचे डोळे एकमेकांना भिडताच मला कळलं की आता काय होणार. मामांनी उशाचा टॉवेल ओढून हातावर घेतला. सोमनाथचा हात त्याखाली गेला. मामांनी त्याची चार बोटं दाबली असावीत, कारण सोमनाथच्या भुवया हलल्या.

"यंदा पाऊस बरा हाय, नाना," सोमनाथ म्हणाला आणि टॉवेलखाली मामांची तीन बोटं धरायला गेला. तीन काही हाताला लागेनात, हे त्याने मला नंतर सांगितलं. पाचही बोटं चोचीसारखी एकत्र आलेली.

"अहो नाना, आत्ता चारवर होतात ना? पाच कसं काय?" सोमनाथ त्यांच्या कानाशी कुजबुजला.

मामा भिंतीकडे बघत होते.

"बरं, चार तर चार. माझी ना नाय." मामांची बोटं हलली नाहीत. सोमनाथला घाम फुटला. हा जुना दलाल गळ्याला टाके असताना असा अडून बसलाय, म्हणजे जोडीत नक्की काहीतरी खास असणार, असा त्याने हिशेब केला. "साडेचार!" तो मोठ्याने बोलून गेला आणि लाजेने जीभ चावली. मामा गप्प. शेवटी सोमनाथ हात जोडायच्या बेताला आला. "घ्या, पाच! तुमच्याच मनासारखं! आता तरी सोडा."

मामांनी आता टॉवेल झटकून सोमनाथच्या हातावर टाळी द्यायला हवी होती. सौदा तसाच मिटतो. टाळी आली नाही. मामी पायथ्याशी केळं सोलत होत्या. त्या थांबल्या, मामांच्या हाताकडे पाहिलं, आणि बाजारात ज्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जातात तो गुन्हा त्यांनी केला. चालू सौद्यावरचा टॉवेल ओढून काढला.

हात आखडून वाकडा झाला होता. अंगठा आत, बोटं एकावर एक चिकटलेली. "अगंगं!" सोमनाथ उभा राहिला.

"अहो, मुंग्या येतात का?" मामी ओरडल्या. मामांचे ओठ थरथरले, पण शब्द निघाला नाही. सवय मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि इथे तर मरायची वेळ आली तरी जात नव्हती. मला त्या क्षणी मामांचा इतका राग आला की विचारू नका.

मामींनी मात्र राग केला नाही. मामांच्या दुसऱ्या हातावर त्यांनी आपला पदर टाकला आणि खाली हात घातला. "तोंडानं नका सांगू. बोटांनी सांगा. मी कुणाला कळू देणार नाय."

पदर हलला. मामांनी मामींची पाचही बोटं गच्च धरली.

"पाच! सिस्टर, पाच!" मामींनी कुणाला कळू न देण्याचं वचन अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात मोडलं.

सिस्टर धावल्या, डॉक्टर आल्या, शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. हात उमलला. "गोळ्या चालू असताना इतकं कसं उतरलं?" डॉक्टरांना कोडं पडलं. मामींनी न विचारता मामांची तंबाखूची चंची उलटी केली. निम्म्या गोळ्या बाहेर पडल्या.

"बाई दोन म्हणाल्या," मामा पुटपुटले, "म्हंजे एकच द्यायची आसंल. पहिला भाव पुरा कोण धरतं?"

सोमनाथचं काय, विचाराल. मामांनी त्याला चारलाच जोडी दिली. म्हणाले, "पाच माझं नव्हतं. ते कॅल्शियमचं होतं."

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी मुंग्यांबद्दल विचारलं. मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी पदर टाकला आणि क्षणभराने सांगितलं, "एक हाय. करंगळी, ती बी थोडीशी." डॉक्टरांनी गोळ्या पुढेही चालू ठेवायला सांगितल्या, आणि या वेळी मामांनी घासाघीस केली नाही.

वणीच्या रस्त्याला लागल्यावर मी आरशातून मागे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होते, चेहरा नेहमीसारखा दगड. पण मामींचा पदर दोघांच्या मध्ये सीटवर पसरलेला होता आणि त्याखाली काहीतरी हलत होतं.

"मामा, परत मुंग्या येतायत का?" मी घाबरून गाडी हळू केली.

"मुंग्या नाय," मामी म्हणाल्या. "तुम्ही समोर बघून चालवा."