गेफ्रायटर

सुधाकर गेल्याचं त्याच्या मुलानं फोनवर कळवलं, तेव्हा मी मेथी निवडत होतो. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली. रडू आलं ते चार दिवसांनी, एक जर्मन शब्द आठवल्यावर...

तो शब्द त्यानंच शिकवलेला. रियाधला बत्हा नावाच्या बाजारभागात एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. आम्ही दोघं पुण्याचे इंजिनिअर, आणि कंपनीचं स्टोअर सांभाळणारे रायगडचे इस्माईलभाई. सुधाकरला जर्मन येत असे, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. आमचा जर्मन साहेब तरुणपणी सैन्यात 'गेफ्रायटर' होता, एवढ्यावरून त्यानं ताटावर व्याख्यान झोडलं. मूळ अर्थ, सूट मिळालेला. जुन्या काळी भरवशाच्या शिपायाला पहाऱ्यातून मोकळं करत, त्याचा पुढे हुद्दाच झाला. शब्द मुळात विशेषणाच्या जातीचा, म्हणून रूप बदलतो. 'एक' म्हटलं की गेफ्रायटर, 'तो' म्हटलं की गेफ्रायटं. "आपल्या शहाण्यासारखं रे. शहाणा, शहाण्याला."

"शहाण्या, आमटी निवतेय, आधी जेव," इस्माईलभाई म्हणाले.

मग आखाती युद्ध सुरू झालं. क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल अशी धास्ती होती. गोऱ्या साहेबांना गॅसचे मुखवटे मिळाले. आम्हाला सूचना मिळाली, नाकातोंडावर ओला टॉवेल धरा. साहेबानं एक जादा मुखवटा सुधाकरला दिलाय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भोंगा वाजला तसा तो न्हाणीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. नळ तेवढा एकच, न्हाणीतला. इस्माईलभाई दार ठोठावत राहिले, "सुधाकर, दार खोल रे, टावेल भिजवायचे हायत." शेवटी आम्ही पातेल्यातल्या चहात टॉवेल बुडवले.

भोंगा थांबल्यावर तो बाहेर आला. गालांवर रबराचे वळ, हातात मुखवटा. मला रागाच्याही आधी हेवा वाटला, त्याची आजही लाज वाटते. इस्माईलभाई एवढंच म्हणाले, "खलास. चाय नव्यानं टाकतो." सुधाकर खाली बघत म्हणाला, "मी गेफ्रायटर..." नंतर तो विषय आम्हा तिघांपैकी कुणीच कधी काढला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो होतो. हात धुवायला उठलो, तर न्हाणीघराच्या दाराला आतून कडीच नव्हती. वहिनी ओशाळल्या. "घर घेतलं तेव्हाच काढून टाकली यांनी. पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला. विचारलं की म्हणायचे, बाहेर कुणाला पाणी लागलं तर?"

कारण सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं... नाही सांगितलं. नळ सोडला आणि बराच वेळ हात धूत राहिलो.