बोर्डाला अर्थ नाही

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास माझी बायको कूलरमध्ये पाणी घालत होती. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता. ती खाली पडली. दवाखान्यात नेलं. ती वारली. ती पडली तेव्हा मी गच्चीवर टाकी बघत होतो.

याला नऊ वर्षं झाली. एवढ्या ओळी लिहायला मला नऊ वर्षं लागली असं म्हटलं तरी चालेल.

हर्सूलच्या बाजूला आमचं चार खोल्यांचं घर आहे. मी शाळेत मराठी शिकवत होतो. बायको गंगापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या बोलण्यातले काही शब्द मला नवे होते. ‘उलीसं’ म्हणजे थोडंसं, हा त्यातला पहिला. मी एक वही केली आणि तिचे शब्द लिहायला लागलो. पुढे त्या वहीत भाजीवाल्याचे, कंडक्टरचे, शिपायाचे, कुणाचेही शब्द येऊ लागले. बायको म्हणायची, “आमी बोलतो अन् तुमी वेचता. कापसावानी.” तिला त्याचं कौतुक होतं की गंमत वाटायची, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

कूलर लोखंडी पत्र्याचा होता, आमच्याच शहरात बनवलेला. हॉलच्या खिडकीला बाहेरून लावलेला. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे, तिथे लोखंडी स्टँडवर तो उभा असे. पाणी बोळातूनच घालावं लागे. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. एका उन्हाळ्यात पत्र्यावर पांढरा थर चढायचा, पंप जाम व्हायचा, वाळ्याच्या ताट्या मिठागरातून काढल्यासारख्या कडक व्हायच्या. म्हणून दर मार्चअखेरीला एक मिस्त्री येऊन कूलर धुऊन, खरवडून, नव्या ताट्या लावून द्यायचा. कूलर त्यानंच बसवला होता. तो मूळचा खुलताबादचा, वयानं माझ्याएवढाच. बोलता बोलता काम करायचा, पण बोलण्यापायी काम कधी थांबायचं नाही.

ती जायच्या आदल्या वर्षी तो असाच आला. सगळं साफ करून कूलर सुरू केला आणि खिशातला टेस्टर काढून पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. अगदी मंद.

“सर, इकडं या जरा. हे बघा. बॉडीत करंट है.”

“फार आहे का?”

“फार नाय. पर है. पंपाचं पाणी सुटलंय वायरीत. पंप बदलतो मी. पर सर, हा पंपबी खारं पाणी खाणार. अजून दोन वर्षानं तोबी असंच करंल. त्याची भीती नाय मला. भीती दुसरीच है.”

मग तो हॉलमध्ये आला आणि प्लग काढून त्यानं बोर्ड उघडला. प्लगला तीन पिना होत्या, बोर्डाला तीन भोकं होती. वरच्या मोठ्या भोकामागे एकही वायर नव्हती.

“हे बघा. हे भोक नुसतं दाखवायला है. सर, तुमच्या बोर्डाला अर्थच नाय.”

मी हसलो. मला हसू आवरेना. तो माझ्याकडे बघत राहिला. मग बहुतेक मराठीच्या मास्तराला काहीतरी सुचलं असेल असं समजून तोही थोडं हसला.

“हसू नका सर. अर्थ असला का असा सुटलेला करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो, कूलर बंद पडतो. काम खतम. अर्थ नसला का तो तिथंच बसतो पत्र्यात. माणसाची वाट बघत.”

“मग काय करावं लागेल?”

“इथं कुंपणापाशी खड्डा करू. आत प्लेट टाकू, मीठ-कोळसा भरू, तिथून वायर आणून सगळ्या बोर्डांना जोडू. दोन दिवसांचं काम है. सांगा, उद्या येतो.”

माझ्याकडे दहावीचे पेपर तपासायला आले होते. टेबलावर गठ्ठे होते. मी म्हटलं, “सुट्टी लागली की करू.”

“करा पर. आन् तोपर्यंत कूलर बंद करून, पिन काढून मगच पाणी टाका. वहिनीला सांगा. चप्पल पायात पायजे.”

तो गेल्यावर मी पेपर बाजूला ठेवून वही काढली आणि लिहिलं: “अर्थ. (मिस्त्री) ‘तुमच्या बोर्डाला अर्थच नाही.’ जमिनीला जोडणारी तार या अर्थी.” खाली एक ओळ सोडून अजून लिहिलं: “जमिनीशी नातं तुटलं की अर्थ जातो, असं म्हणता येईल.” हे दुसरं वाक्य लिहून मला बरं वाटलं होतं.

बायकोला मी सांगितलं ते ह्याच क्रमानं. आधी विनोद, मग चप्पल. खड्ड्याचं शेवटी, ओझरतं. पिन काढायचं सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे सांगितलं नसावं.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “अर्थ नाय तर लावा की मग. मराठीचे मास्तर ना तुमी? जल्मभर अर्थच लावत आले.”

ह्या उत्तरावर मी इतका खूश झालो की तेही वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दोन्ही वाक्यं सांगितली. सगळे हसले. पुढे नववीच्या वर्गात शब्दांचे अनेक अर्थ शिकवताना मी ते उदाहरण देत असे. मुलंही हसायची. त्यांना मी शिकवलं की ‘अर्थ लावणे’ याचे दोन अर्थ होतात. माझ्या घरात त्यातला एकही लागला नव्हता.

घरात आली ती फक्त चप्पल. निळ्या पट्ट्यांची रबरी जोडी, बोळाच्या दारात ठेवलेली. तिला आम्ही ‘कूलरची चप्पल’ म्हणायचो. ती घालून पाणी घातलं की काही होत नाही, एवढं घरातलं ज्ञान. कूलर चालूच असायचा. बंद करून पाणी घालणारं माणूस मी आमच्या गल्लीत कधी पाहिलं नव्हतं, आमच्या घरात तर नाहीच. कधीतरी बायको म्हणायची, “उलीसा चावला आज.” मी म्हणायचो, “चप्पल होती ना?” ती म्हणायची, “व्हती की.” विषय संपायचा. सुट्टी लागली आणि गेली. पुढच्या मार्चमध्ये मिस्त्रीनं पुन्हा विचारलं, “सर, ते अर्थाचं?” मी म्हटलं, “या सुट्टीत नक्की.” बायको आतून मिस्त्रीला म्हणाली, “लिहून घ्या त्यांच्याकडून.” तिघेही हसलो.

त्या गुरुवारी चार दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. टाकी भरली का बघायला मला गच्चीवर जायचं होतं. जिना बोळातून जातो. गच्चीची फरशी तापलेली असणार, म्हणून दारातली कूलरची चप्पल पायात सरकवली आणि वर गेलो. बायकोनं बोळ नुकताच धुतला होता. तिची स्वतःची चप्पल पुढच्या दारात होती. ती कशाला तेवढ्यासाठी घरातून फिरून जाईल? अनवाणीच बादली घेऊन गेली.

मला बादली पडल्याचा आवाज आला. मग कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनींचा आवाज आला. मी खाली आलो, हात पुढे केला, तेवढ्यात त्या ओरडल्या, “सर, हात लावू नका. बटन. आधी बटन.” मी घरात पळालो. बटण बंद केलं. पिन काढली. तो तीन पिनांचा प्लग माझ्या हातात होता आणि काही वेळ मी तो तसाच धरून उभा होतो.

चप्पल माझ्या पायात होती, हे मी सगळ्यांना सांगितलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. लोक म्हणायचे, सर, तुमची काय चूक, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी मान हलवायचो आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचो. ते सांगणं मला जमत होतं. चप्पल घालून जिना चढणं हा काही गुन्हा नाही, हे ऐकायला मिळत होतं, आणि त्या बोलण्याच्या आडोशाला दुसरी गोष्ट मला सांगावी लागत नव्हती.

पोलिसांनी पंचनामा केला. विचारलं, कूलर कुणी बसवला, दुरुस्ती कोण करतं? मी मिस्त्रीचं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. फाटकाबाहेरच उभा राहिला. मी ओट्यावर बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आतून आला.

“हाच का तो?”

मी काही बोललो नाही.

“काय रे, काय बसवलं होतंस? कूलर का फाशी?”

मिस्त्रीनं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं त्याला वाटलं असेल. मग तो खाली मान घालून गेला. शेजाऱ्यांनी हे पाहिलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन घरी त्यानं कूलर धुवायला घेतले होते. त्यांनी त्याला परत बोलावलं नाही. हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. उन्हाळा म्हणजे त्याची सगळी कमाई, हे मला माहीत होतं.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला, “दाजी, चला. चौकीत जाऊन त्या मिस्त्रीच्या नावानं तक्रार देऊ. माझी बहीण गेली. त्याला सोडायचा नाय.”

माझी मुलगी पुण्याहून आली होती, ती शेजारी बसली होती. म्हणाली, “बाबा, मामाचं बरोबर आहे. त्यानं बघायला नको होतं का?”

मी उठलो. कपाटातून वही काढली आणि मुलीच्या हातात दिली. पान उघडून दिलं. मला तोंडानं सांगता येत नव्हतं. तिनं आधी मनात वाचलं. मग मामानं विचारलं म्हणून मोठ्यानं वाचलं. मिस्त्रीचं वाक्य. माझं वाक्य. त्याखाली तिच्या आईचं वाक्य: ‘अर्थ नाही तर लावा की मग.’ वर तारीख होती. गेल्या वर्षीची.

मेहुणा म्हणाला, “म्हणजे त्यानं सांगितलं होतं?”

“दोनदा.”

“अन् ताईलाबी म्हाईत होतं?”

“होतं. ती म्हणत होती लावा म्हणून.”

“मंग लावला का नाय, दाजी?”

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा शोधलं आणि अजूनही शोधतो. पैशाची अडचण नव्हती. पेपर तपासायचे होते हे खरं, पण पेपर आठवड्यात संपले. मला वाटतं, वहीत लिहून झालं तेव्हाच ते काम माझ्या मनात होऊन गेलं होतं. ऐकलेला शब्द टिपून ठेवला की मी त्याचं काही देणं लागत नाही, अशी माझी जन्माची सवय. मी एवढंच म्हटलं, “राहून गेलं.”

मेहुण्यानं समोरचा चहा घेतला नाही. पिशवी उचलली आणि गंगापूरची गाडी गाठायला निघून गेला. मुलीनं वही मिटून टेबलावर ठेवली, कडा जुळवून. म्हणाली, “चौकीत जायचंच आहे बाबा. पण हे सांगायला.” आम्ही दोघं गेलो. मिस्त्रीनं आधीच बजावलं होतं, असा जबाब मी दिला. मग गल्लीत तीन-चार घरी जाऊन तेच सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. या वेळी ‘तुमची काय चूक’ असं कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी म्हटलं, “माझ्यामुळं तुमचं नाव खराब झालं. मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं.”

तो म्हणाला, “सर, मला वाईट त्याचं नाय वाटलं. तुम्ही हसले होते ना, तेव्हा मीबी हसलो. ते नव्हतं हसायचं मी.”

दोन दिवसांनी तो कुदळ घेऊन आला. कुंपणापाशी त्यानं खोल खड्डा घेतला, प्लेट उतरवली, मिठाचे आणि कोळशाचे थर दिले, तार आणून सगळ्या बोर्डांच्या तिसऱ्या भोकामागे जोडली. करंट गळाला की आपोआप बंद पडणारा स्विचही बसवला. मग दोन वायरींना बल्ब लावून, एक टोक करंटच्या भोकात आणि एक तिसऱ्या भोकात धरलं. बल्ब भर दुपारी लख्ख पेटला, आणि तेवढ्यात नव्या स्विचनं खटकन सगळं घर बंद केलं. “दोन्ही बरोबर,” तो म्हणाला. जाताना सांगितलं, “उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा सर. माती कोरडी झाली का अर्थ मरतो.”

त्यावर मी हसलो नाही आणि तोही हसला नाही. ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. त्यानंतर वहीत काहीच लिहिलं नाही.

मेहुणा नऊ वर्षांत घरी आलेला नाही. मुलगी दर रविवारी फोन करते, आणि उन्हाळ्यात आधी विचारते, पाणी घातलं का? कूलर आहे, पण लावत नाही. खड्डा आहे. मार्चपासून जूनपर्यंत मी त्यात रोज एक बादली पाणी घालतो.