टीव्हीवाल्या मॅडम

म्हशीच्या शेपटीखाली खांद्यापर्यंत हात घालून खदखदा हसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या मेडशीकडच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवाल्या मॅडम. हातात लांब प्लास्टिकचा मोजा, गळ्यात सोनोग्राफीचा छोटा पडदा. त्या पडद्यामुळे गावानं त्यांना हे नाव दिलं आणि खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

पडदा त्या एकट्या कधी बघत नसत. "या, सगळे या! फुकटचा सिनेमा हाय!" की अर्धी गल्ली गोठ्यात. आम्हाला दिसायच्या नुसत्या मुंग्या, तरी "दिसलं, दिसलं" म्हणायची चढाओढ. शेजारच्या बबनकाकांनी तर एका काळ्या गोळ्याला टोपी सावरून हात जोडले. "काका, पाया कायले पडता?" मॅडम भिंतीला टेकून म्हणाल्या, "ते मुताची पिशवी हाय!" काका पुढे बरेच दिवस मागच्या वाटेनं येजा करत.

आमच्या गल्लीत त्या पहिल्यांदा आल्या त्या मात्र आमच्या चंद्रीसाठी. कृत्रिम रेतन करूनही ही म्हैस पुन्हा माजावर आल्यासारखी रेकायला लागली, तेव्हा बाबांनी तिला भाकड ठरवलं आणि मालेगावच्या बाजारात न्यायला गाडी बोलावली. आईनं चंद्रीला लहानपणापासून पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. तिनं रडत मॅडमना फोन लावला.

मॅडम गोठ्यात शिरल्या तशी आईनं फाटक ओढून घेतलं आणि फटीला गोणपाट लावलं.

"हे काय करून राह्यल्या, मावशी?"

"कोणी पाह्यलं तं?" आई कुजबुजली. "गाभण असन तं वगार हाय का हेला, कानात सांगजा बाई." वगार म्हणजे मादी, हेला म्हणजे नर; आणि माणसांच्या दवाखान्यातली, गर्भलिंग सांगणं गुन्हा असल्याची पाटी तिच्या डोक्यात पक्की बसली होती.

मॅडम हसता हसता चाऱ्यावरच बसल्या. "मावशी, थो कायदा माणसायले! म्हशीचं मी भोंग्यावर सांगीन!"

मग पडद्यावरच्या मुंग्यांत एक ठिपका लुकलुकला. "पाहा भाऊ, हे काळीज. चालू हाय. आन् वगार दिसते मले." बाबा पडद्यावर वाकले ते वाकलेच राहिले. मग बाहेर जाऊन गाडीवाल्याला म्हणाले, "जाय बाप्पा, म्हैस इकाची नाही." आई रडत होती, मॅडम हसत होत्या आणि मी दोन्ही करत होते.

पुढे मॅडमची मानोऱ्याला बदली झाली आणि सारी गल्ली सुनी सुनी वाटू लागली. चंद्री व्यायली ती त्यानंतर. वगारच झाली! आईनं खरवस केला. सोयऱ्याधायऱ्यांकडे जायचाही कंटाळा करणारे बाबा डबा मांडीवर घेऊन मानोऱ्याच्या एसटीत बसले. मीही गेले सोबत.

मॅडम हसतच बाहेर आल्या. बाबांनी डबा पुढे केला, पण हातातून सोडेनात.

"ताई, त्या दिवशी मी दोघीयले इकून राह्यलो होतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, पहिली वडी बाबांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी तुमी खा, भाऊ."