टाळीच्या आधी उठलेला माणूस

मल्लप्पांना फुटबॉलचा सामना बसून बघताना लोहाऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. शाळेमागच्या मैदानावर, मावळतीकडच्या गोलच्या मागे, जाळीपासून हातभर अंतरावर ते उभे असायचे. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. भुवया, कानाच्या पाळ्या आणि कोपरापर्यंतचे हात पिठानं पांढरे. बाजारात त्यांची पिठाची गिरणी होती आणि सामना सुरू व्हायच्या वेळेला ते गिरणी थांबवून तसेच निघून यायचे. कुणी खुर्ची आणून ठेवली तर म्हणायचे, "बसून काय बगायचं वो? बसून लगीन बगतेत. अक्षता पडल्या की जेवाया उठायचं. इथं कवा काय हुईल ह्याचा नेम हाय का?"

घरात त्यांचं बोलणं कानडी. बाजारात मराठी. मैदानावर मात्र जीव वर आला की कानडीच बाहेर पडायची. "ओडो! ओडो!" अशी हाक आली की मराठी घरातली, उर्दू घरातली, सगळी पोरं जिवाच्या आकांतानं पळायची. आणि आपला संघ फार पुढं गेला, चौथा-पाचवा गोल व्हायला लागला, की मल्लप्पा हळू आवाजात म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. एकदा एका पोरानं विचारलं, "साकु कामून मामा? अजून टाइम हाय की." तर म्हणाले, "त्यांच्या पोरांनाबी घरी जाऊन तोंड दावायचंय रं."

सामना संपला की ते चांगल्या खेळलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारायचे. निळ्या जर्सीवर पाच बोटांचा पांढरा ठसा उमटायचा. तो ठसा घेऊन पोरं मुद्दाम बाजारातून फिरून घरी जायची.

मल्लप्पा गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या नावानं गावचा फुटबॉल क्लब एक बक्षीस ठेवणार आहे, खिलाडूवृत्तीचं. क्लबची मुलं मला म्हणाली, "अप्पा, त्यांच्यावर तुम्हीच लिहा. ती टाळ्यांची गोष्ट तुमच्याइतकी चांगली कुणाला सांगता येत न्हाय." खरं आहे. ती गोष्ट गेली कित्येक वर्षं मीच सांगत आलोय. ती जशी घडली तशी मात्र आज पहिल्यांदा सांगतो आहे.

मी तेव्हा क्लबचा सेक्रेटरी होतो. आमचे जुने प्रशिक्षक कादरी मास्तर म्हातारपणी मुलाकडे हैदराबादला राहायला गेले आणि क्लब पोरका झाला. पोरं मैदानावर यायची, चेंडू इकडून तिकडे ढकलायची आणि निघून जायची. मग एका सकाळी मल्लप्पाच मैदानात उतरले. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटेची दळणं उरकून ते यायचे आणि पोरांना पळवायचे. लहानपणी ते स्वतः एकच हंगाम खेळले होते. वडील अंथरुणाला खिळले आणि त्यांना गिरणीत उभं राहावं लागलं, ते कायमचंच. "माझा खेळ अर्धा ऱ्हायला," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे.

आता नवा प्रशिक्षक कोण, हा साऱ्या गावाचा विषय झाला. एसटी स्टँडसमोर नागनाथचं हॉटेल आहे. क्लबचे सगळे शौकीन संध्याकाळी तिथं जमायचे. त्यांच्याकडे बातमी अशी काहीच नव्हती, म्हणून ते मला वाचायचे. मी कुठल्या गाडीत बसलो, कुणाला चहा पाजला, फोन आल्यावर उठून बाहेर गेलो का, यावरून अंदाज बांधायचे.

"सेक्रेटरी काल उमरग्याला जाऊन आले. तिथल्या पीटीच्या सरांचं पक्कं झालं, लिहून घ्या," जीप चालवणारा बाबू म्हणायचा.

"लिवून काय घ्या? दाढ काडाय गेले हुते ते," नागनाथ गाळणीतून मान वर न करता म्हणायचा. "गाल बग की सुजलेला."

"मंग सोलापूरचा कुणीतरी हाय. सोलापूर म्हनलं की हसतेत बगा. हसायलेत का न्हाय?"

आणि मी हसायचो. जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस मी. ऑफिसात लोक माझ्या टेबलावरच्या कागदाकडे बघायचे, माझ्या तोंडाकडे कुणी बघितलं नव्हतं. इथं पंधरा-वीस माणसं माझी भुवई हलण्याची वाट बघत होती. त्याची मला चटक लागली.

ठरलेलं सगळं होतं. अध्यक्ष, खजिनदार आणि मी, आम्ही तिघांनी सोलापूरच्या एका तरुण प्रशिक्षकाला होकार कळवला होता. शिकलेला, प्रमाणपत्र असलेला, चांगला मुलगा. निवडीत काही वावगं नव्हतं. फक्त तो महिनाभरानं येणार होता. अध्यक्ष म्हणाले, "सभेत नाव जाहीर करेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मल्लप्पा सराव घेतायत तोवर घेऊ द्या. कळलं आणि ते थांबले, तर पोरं पांगतील." मी मान हलवली.

त्यानंतरची एक संध्याकाळ. हॉटेलातलं बाक गच्च भरलं होतं. मी मधोमध. मल्लप्पा गिरणीतून तसेच आले आणि नेहमीप्रमाणे दाराशी उभे राहून चहा मागू लागले. मी सरकलो. बाजूच्यालाही सरकायला लावलं आणि माझ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणालो, "या मल्लप्पा, बसा."

हॉटेल गप्प झालं. नागनाथनं स्टोव्ह बारीक केला. बाबूनं माझ्याकडे पाहिलं, मल्लप्पांकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "घ्या! झालं की मंग! आता कशाचं सोलापूर आन् कशाचा उमरगा!"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'तसं काही नाही,' एवढे तीन शब्द पुरेसे होते. मी हसलो. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं हसू मी तेव्हा हसलो असेन.

मल्लप्पा माझ्या शेजारी बसले. बसलेले मल्लप्पा बघायची कुणाला सवयच नव्हती. दोन्ही हातांनी पेला धरून ते हळूच म्हणाले, "सेक्रेटरी, पोरं लई चांगली हायेत. डाव्या पायाचं काम तेवढं ऱ्हायलंय. करतो म्या."

ते गेल्यावर मी बाहीवरचं पीठ झटकलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या शटरवर रंगानं लिहिलेलं दिसलं : संध्याकाळी दळण मिळणार नाही. नवी गिरणी पलीकडच्या गल्लीत नुकतीच सुरू झाली होती, संध्याकाळची गिऱ्हाइकं तिकडं वळली. मी ते शटर रोज जाता-येता बघत होतो. आज सांगावं, उद्या सांगावं असं म्हणत राहिलो. मैदानावर ते आता संध्याकाळीही डाव्या पायाचं काम घेत होते आणि पोरं खरोखर सुधारत होती. अध्यक्ष मला म्हणाले, "बघा, आपण गप्प राहिलो ते बरंच झालं."

सभा रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. गाव लोटलं होतं. मल्लप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते, आणि मी त्यांना आधी ओळखलंच नाही. पीठ नव्हतं. भुवया काळ्या होत्या, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अंघोळ करून, कपाळावर विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून ते आले होते. सोलापूरचे सर मागच्या बाजूला खजिनदारांजवळ उभे होते, पण त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

नाव मी वाचायचं होतं. मी उठलो. "क्लबचे नवे प्रशिक्षक म्हणून कमिटीनं एकमतानं ज्यांची निवड केली आहे, ते..." असं म्हणून मी थांबलो. चष्मा पुसला. मला ते थांबणं आवडायचं. सगळी खोली माझ्या ओठांकडे बघत होती.

त्या थांबण्यात मल्लप्पा उठले.

एकटे. हात जोडायला अर्धे वर आलेले. बाकीच्यांचं लक्ष माझ्याकडे होतं, अध्यक्ष फोनमध्ये बघत होते. ते उठलेले फक्त मी पाहिले आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मी नाव वाचलं. सोलापूरचं नाव.

एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला. अर्धे वर आलेले ते हात तिथंच थांबले. मग एकमेकांवर आपटले. मल्लप्पा टाळ्या वाजवायला लागले, जोरानं, डोळे माझ्यावरून न काढता. लोकांनी माना वळवल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच, की मल्लप्पा उभे राहून नव्या सरांचं स्वागत करतायत. बाबू उठला. त्याच्यामागं पोरं उठली, सगळी खोली उठली. नव्या सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मल्लप्पा गर्दीतून मागं गेले, त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "डाव्या पायाचं काम निम्मं झालंय. बाकी तुमी करा." सरांच्या सदऱ्यावर ठसा उमटला नाही.

"काय मन म्हणायचं ह्या माणसाचं!" बाहेर पडताना जो तो म्हणत होता. मीही म्हणालो. पुढं बक्षीस समारंभात, पाहुण्यांसमोर, लग्नाच्या पंगतीत, मीच ती गोष्ट सांगत गेलो. सांगताना मी चष्मा पुसल्याचं कधी सांगितलं नाही.

त्या हंगामापासून मल्लप्पा सामना बसून बघायला लागले. गोलच्या मागं नाही; लांब, कुंपणाजवळच्या दगडावर. लोक म्हणाले, गुडघे गेले. शटरवरचं ते वाक्य त्यांनी खरवडून काढायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं. 'संध्याकाळी दळण' एवढं अजून दिसतं. नव्या सरांशी ते नेहमी चांगलं वागले. सरही त्यांना विचारल्याशिवाय संघ ठरवत नसत. पण "ओडो" अशी हाक मैदानावर पुन्हा आली नाही.

त्यांनी मला एकदाच विचारलं, फार वर्षांनी. मी गिरणीत डबा घेऊन गेलो होतो. पट्ट्याचा आवाज थांबला आणि त्या शांततेत ते म्हणाले, "सेक्रेटरी, त्या दिवशी बाकावर जागा कामून केली वो?"

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाचं उत्तर शंभरदा घोकलं होतं. तोंडातून आलं ते असं : "तुम्ही दमलेले दिसलात, म्हणून."

त्यांनी माझा डबा भरून झाकण लावलं. "व्हय," म्हणाले. "दमलोच हुतो." आणि पट्टा पुन्हा सुरू केला.

गेल्या थंडीत गिरणीतच त्यांचं हृदय बंद पडलं. शोकसभेत मी बोललो. तीच गोष्ट. लोक रडले, मीही रडलो, आणि रडता रडता मला तिसऱ्या रांगेत काळ्या भुवया दिसल्या. तेव्हापासून त्या दिसतातच. कुठंही कुणाचं नाव पुकारायची वेळ आली, ग्रामसभा असो की शाळेचा निकाल, पुकारणारा क्षणभर थांबला की माझी नजर तिसऱ्या रांगेकडे जाते, आणि तिथं एक माणूस उठायला लागलेला असतो. मी मनात म्हणतो, बसा मल्लप्पा, बसा. ते ऐकत नाहीत.

पंधरवड्यानं मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी गौराबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमी सभेत लई चांगलं बोललाव म्हणतेत सगळी."

मी चपला काढून पायरीवर बसलो.

"त्या रविवारी घरून निगताना ते मला म्हनले हुते, येताना पेढे आणतो. घरी आले ते मोकळ्या हातानं. न्हाणीत गेले आन् लई येळ आलेच न्हाईत." त्या माझ्याकडे बघत होत्या, नागनाथच्या हॉटेलात लोक बघायचे तशा, तोंड वाचत. "टाळ्या वाजवाया उठले न्हवते ते, अप्पा. मला ठाऊक हाय. तुमालाबी हाय."

"हो," मी म्हणालो. एवढाच एक शब्द, पण तो बाहेर यायला इतकी वर्षं लागली.

"मंग तसं सांगा की लोकांना. लाज कशाची त्यात? तोंडानं मागितलं न्हवतं त्यांनी कायच. पर मनात हुतं की न्हाय?"

म्हणून हे लिहिलं. बक्षीस त्यांच्या नावानं जरूर द्या. पण देताना हे सांगा, की मल्लप्पांना प्रशिक्षक व्हायचं होतं, फार मनापासून व्हायचं होतं. ते स्वतःसाठी उठले होते, आणि उठल्यावर त्या एका श्वासात त्यांनी जे केलं ते आमच्यातल्या कुणालाच जमलं नसतं. त्यांना तसं उठवलं मी.

आता सोलापूरचे सरही क्लब सोडून चालले आहेत. नागनाथच्या हॉटेलात पुन्हा तोच विषय. मी कमिटीत नाही, तरी सवयीनं लोक माझ्या तोंडाकडे बघतात. परवा बाक असंच भरलेलं होतं. क्लबचा जुना गोलकीपर दाराशी आला. बाबू म्हणाला, "सरका की अप्पा, बसू द्या त्याला."

मला सरकता येईना. मी उठलो आणि माझी जागा त्याला दिली.

"अप्पा उठले!" बाबू ओरडला. "झालं! ह्येचंच नाव हाय!"

"मला काहीही ठाऊक नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं, की स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "ऐकलंत का? मला काहीही ठाऊक नाही."

हॉटेल गप्प झालं. सगळे बसलेले, मी एकटा उभा, हात अर्धे वर आलेले. ते कुठं ठेवायचे, ते मला कळेना.