शेवटच्या चार पट्ट्या

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या, पावणे गावातल्या कारखान्यातला सुपरवायझर पियानोसाठी संगीत रचतो म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग विचारायचे, "म्हणजे लग्नात वाजवता का?" झहूर मान डोलावून मोकळा व्हायचा. कोणाकोणाला समजावत बसणार? त्याचं वादन नेरूळच्या एका लहानशा हॉलात दोनदा झालं होतं, आणि श्रोत्यांतले निम्मे पंख्याखाली बसायला आलेले.

पण ज्यांनी कान देऊन ऐकलं, त्यांना ते कुठून आलंय हे कळायचं. डाव्या हातात कारखान्यातली पत्रा ठोकणारी प्रेस: धाड, दम, पुन्हा धाड. उजव्या हातात श्रीवर्धनच्या बायकांची हळदीची गाणी. त्याची आई रहिमा त्यांत पुढे असायची. तिचा सूर चढला की टाळीबरोबर काचेच्या बांगड्या वाजायच्या, आणि त्या बांगड्या त्यानं पियानोच्या उजव्या टोकाच्या शेवटच्या चार पट्ट्यांवर ठेवल्या होत्या. सुरांची लिपी लिहायला-वाचायला एका चर्चच्या मास्तरांनी शिकवलं, बाकीचा माल घरचाच.

त्या वर्षी, शहाण्णवच्या पावसाळ्यात, रहिमा पहिल्यांदाच नेरूळच्या फ्लॅटवर राहायला आली. झहूर नवी रचना बसवत होता. एका संध्याकाळी तो बांगड्यांपर्यंत पोचला, पट्ट्या दाबल्या, आणि नुसतं खालच्या लाकडावर ठक्‌ झालं. सूर नाही. पुन्हा दाबल्या. ठक्‌.

त्याच्या डोळ्यांपुढे बंडू उभा राहिला. बंडू त्याच्याच प्रेसवरचा जुना कारागीर, चाळिशीत कान गेलेला. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि सगळ्याला "हां, हां" म्हणायचा. पोरं त्याच्या पाठीमागे खोट्या हाका मारायची, झहूरही कधी हसला होता. त्या प्रेसजवळ त्याचीही किती वर्षं गेली होती.

कुणाला विचारावं तर एका शब्दात निकाल लागला असता. आईला हाक मारून "हे वाजतंय का?" एवढंच तर म्हणायचं! पण हो म्हणाली तर? घाबरट माणूस डॉक्टरला टाळतो, झहूर आईला टाळू लागला. रात्री घड्याळ कानाशी धरून झोपायचा, टिकटिक ऐकू आली की जरा धीर यायचा, आणि सकाळी पुन्हा तीच धडधड. रियाज बंद पडला.

एकदा त्याची पेन्सिल पियानोत पडली. झाकण उघडून बघतो तर आत काळोख! दमट हवेनं लाकूड फुगू नये म्हणून आत एक लहान बल्ब कायम पेटता ठेवायची रीत आहे. त्याचाही पेटलेला असायचा.

"अम्मी, हा बल्ब कोणी बंद केला?"

"मीच रे," रहिमा चटकन म्हणाली. "दिवसाउजेडी बत्ती कशाला? पेटीत काय मुडदा ठेवलाय, उजेड दाखवायला?"

झहूर हसला, हसता हसता खुर्चीवर बसला. डोळ्यांत पाणीच आलं. पट्ट्या फुगून अडकल्या होत्या, कान गेले नव्हते! त्यानं बल्ब लावला आणि आईला म्हणाला, "आता हात लावायचा नाय हां."

"नाय लावत बाबा. मला काय ठाऊक, लाकडालाबी थंडी वाजते."

चांगलं ऊन पडलं, लाकूड सुकलं. झहूरनं आपली कानांची भीती हसत हसत आईला सांगून टाकली, तिला शेजारी बसवलं आणि सुरुवातीपासून वाजवायला घेतलं. प्रेस धडधडली, बायका गाऊ लागल्या, सूर चढत चढत टोकाला गेला. त्यानं शेवटच्या पट्ट्या दाबल्या. आता त्या हलक्या हातानं खाली जात होत्या.

ठक्‌. ठक्‌.

त्यानं मान वळवली. रहिमाचा चेहरा फुलला होता. हात आपोआप टाळीला उठले होते.

"हां! ह्या माझ्याच बांगड्या की रे!" ती म्हणाली. मग काळजीनं जवळ वाकली. "आता तुला येतंय ना ऐकू?"

तिच्या ओठांकडे बघत झहूर म्हणाला, "हां, हां."